घरात तीन टीव्ही, एक कॉम्प्युटर आणि गच्चीवर एकच छत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे खाली हॉलमध्ये एक टीव्ही, वर आईच्या खोलीत एक, मागच्या खोलीत भावाचा एक आणि माझ्या टेबलावर कॉम्प्युटर, हे सगळं एकाच छत्रीवर चालतं. नात्यात कुणाकडे डिशचं काम निघालं की फोन मलाच येतो आणि प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते नको असलेली दुसरी छत्री बसवण्यात, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

दुसरा टीव्ही घेतला, आता दुसरी छत्री लागेल ना?

नाही, अजिबात नाही. छत्री म्हणजे नुसता आरसा आहे. वरून येणारा सिग्नल एका जागी गोळा करायचा एवढंच तिचं काम, आणि ती जागा म्हणजे पुढच्या दांडीवर बसवलेला एलएनबी, म्हणजे तो सिग्नल पकडून वायरीत सोडणारा छोटा डबा. सगळी चॅनेल्स त्या छत्रीवर चोवीस तास एकाच वेळी पडत असतात, खाली टीव्ही एक आहे का आठ आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. बदलायचा असतो तो एलएनबी. साध्या एलएनबीला वायर लावायला एकच तोंड असतं, दोन टीव्हींना ट्विन, चारांना क्वाड, आठांना ऑक्टो असं दुकानात मागायचं. प्रत्येक तोंडातून एक वायर थेट एका बॉक्सला. मागताना क्वाड आणि क्वाट्रो यात गोंधळ करू नका, क्वाट्रोलाही चार तोंडं असतात पण तो मल्टिस्विचबरोबर (एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारा डबा) वापरायचा असतो, बॉक्सला थेट लावला तर निम्मी-अर्धी चॅनेल्सच लागत नाहीत आणि माणूस आठवडाभर छत्री हलवत बसतो. जिथे बारा-पंधरा टीव्ही आहेत, मोठा बंगला किंवा लॉज वगैरे, तिथे क्वाट्रो आणि मल्टिस्विच हेच बरोबर.

छत्री नेमकी बघते कुठे?

महाराष्ट्रातून आग्नेयेकडे. सगळे टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३५,७८६ किलोमीटरवर आहेत, पृथ्वी फिरते त्याच वेगाने तेही फिरतात म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे वाटतात आणि म्हणूनच छत्री एकदा घट्ट बसवली की हलवावी लागत नाही. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आणि बहुतेक उपग्रह आपल्या पूर्वेच्या रेखांशावर, म्हणून आग्नेय. डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ वर आहे, टाटा प्ले ८३ अंशावर. त्या ८३ अंशावर जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ हा आणखी एक उपग्रह गेला, फ्रेंच गयानातल्या कुरू इथून, आणि त्याची सगळी क्षमता टाटा प्लेनेच घेतली आहे. पुण्यातून ९३.५ चा उपग्रह बघायचा तर मान जवळजवळ साठ अंश वर करावी लागेल, पण छत्री मात्र समोरच्या इमारतीकडे बघतेय असं वाटतं. हल्लीच्या छत्र्या ऑफसेट असतात, सिग्नल वरून तिरका येऊन खाली एलएनबीवर उतरतो, त्यामुळे छत्री दिसते तितकी सरळ बघत नाही. समोर भिंत दिसतेय म्हणून छत्री हलवायचा आग्रह धरू नका, भिंतीच्या वरचं आकाश मोकळं आहे का ते बघा.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र आहे, तिथली जुनी छत्री तीस मीटरच्या आसपास आहे. आपल्या गच्चीवरची साठ सेंटिमीटरची. उपग्रह जास्त ताकदीचे झाले आणि केयू बँड (जास्त वरच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा) आला म्हणून एवढ्याशा छत्रीवर भागतं, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

एकाच बॉक्सवर दोन टीव्ही चालतात का?

चालतात, पण दोन्हीकडे तेच चॅनेल दिसणार. खाली बातम्या लावल्या की वर आईलाही बातम्याच. एवढं चालणार असेल तर एचडीएमआय स्प्लिटर घ्या, अंतर जास्त असेल तर लॅनच्या वायरवरून एचडीएमआय नेणारा एक्स्टेंडर मिळतो, आणि रिमोटचा डोळा वरच्या खोलीत न्यायचा तर आयआर रिपीटर लावा. दुकान, छोटं हॉटेल, वेटिंग रूम, अशा ठिकाणी हे बरं पडतं, फक्त तिथे घरगुती नाही तर व्यावसायिक कनेक्शन लागतं. घरात मात्र दोन दिवसांत भांडणं सुरू होतात.

मग वेगवेगळी चॅनेल्स बघायला काय लागतं?

प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स आणि स्वतःची वायर. याला कारण आहे. बॉक्सच्या पोटात ट्यूनर असतो आणि एक ट्यूनर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी पकडतो. तुम्ही रिमोटवर चॅनेल बदललं की बॉक्स त्याच वायरमधून वर एलएनबीला निरोप पाठवतो: १३ व्होल्ट दिले तर उभं पोलरायझेशन (म्हणजे उभ्या हलणाऱ्या लहरी) दे, १८ दिले तर आडवं दे, आणि सोबत २२ किलोहर्ट्झचा सूर असेल तर वरचा बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी दे. म्हणजे त्या वायरमधून सिग्नल खाली येतो आणि वीज आणि हुकूम वर जातात. एका वायरवर दोन मालक बसवले की एलएनबी कुणाचं ऐकणार?

पैशाचं म्हणाल तर पेड डीटीएचवर दुसऱ्या टीव्हीला मल्टी टीव्ही कनेक्शन घ्या, नवीन वेगळं कनेक्शन घेऊ नका. एकाच नावावर, एकाच घरात असलेल्या दुसऱ्या बॉक्सला नेटवर्क फी पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच घेता येईल असा ट्रायचा (दूरसंचार नियामक) नियम २०२० मध्ये आला होता. पुढे जुलै २०२४ मध्ये नेटवर्क फीवरची कमाल मर्यादाच ट्रायने काढली, आता दर कंपनी ठरवते, त्यामुळे फोन करून आधी स्पष्ट विचारा की दुसऱ्या बॉक्सची महिन्याची फी जीएसटी धरून किती. चॅनेल्सचे पैसे वेगळे. आणि दुसऱ्या बॉक्सवर पहिल्याचीच सगळी चॅनेल्स ठेवायची गरज नसते. आमच्या आईच्या बॉक्सवर मराठी चॅनेल्स आणि दोन भक्तीची, बाकी सगळी काढली, बिल बरंच खाली आलं.

बाजारात पन्नास-शंभर रुपयांना स्प्लिटर मिळतो, तो लावला तर?

इथे दोन्ही बाजूंनी चुकीचं सांगणारे भेटतात. काही म्हणतात स्प्लिटर कधीच चालत नाही, काही म्हणतात बिनधास्त लावा. खरं असं आहे की ज्या सेवेची तुम्हाला हवी ती सगळी चॅनेल्स एकाच पोलरायझेशनवर आणि एकाच बँडमध्ये आहेत, तिथे दोन बॉक्स एलएनबीकडे एकच गोष्ट मागतात, म्हणून स्प्लिटर चालतो. जिथे उभं-आडवं दोन्ही आहे तिथे एकाने चॅनेल बदललं की दुसऱ्याच्या टीव्हीवरची काही चॅनेल्स गायब होतात, परत येतात, परत जातात, आणि लोक बॉक्स खराब आहे म्हणून बदलून आणतात. चालणाऱ्या ठिकाणीही स्प्लिटर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, सॅटेलाइटसाठी असलेलाच हवा, केबल टीव्हीचा जुना नाही. आणि दोन भाग केले की प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो, उन्हाळ्यात कळत नाही, जूनमध्ये कळतं. माझं मत विचाराल तर ट्विन एलएनबी घ्या आणि विषय संपवा.

वायर कुठली आणि किती लांब?

आरजी-६, ७५ ओहम, आणि मधली तार शक्यतो पूर्ण तांब्याची. स्वस्त वायरीत मधे लोखंडाची तार आणि वर तांब्याचा मुलामा असतो, सिग्नल त्यातून बरा जातो पण एलएनबीला लागणारी वीज लांबवर नीट पोचत नाही. पंचवीस-तीस मीटरपर्यंत काळजी नाही, पन्नासच्या पुढे लाइन अॅम्प्लिफायरचा विचार करा आणि तोही छत्रीच्या बाजूला लावा, टीव्हीच्या बाजूला नाही, कारण वाटेत हरवलेला सिग्नल खाली आल्यावर वाढवून उपयोग नसतो. मधे जोड देऊ नका.

आणि टोकाची पिन नीट लावायला शिका, अर्धे बिघाड तिथे असतात. वरचं काळं साल सोललं की जाळी मागे दुमडायची, मधला पांढरा भाग पिनच्या आतल्या कडेला टेकेपर्यंत ठेवायचा, आणि तांब्याची तार दोन-तीन मिलिमीटर पुढे आली पाहिजे. जाळीचा एक केसासारखा धागा जरी मधल्या तारेला लागला तर शॉर्ट होतं आणि बॉक्स एलएनबीची वीजच बंद करतो. मी चष्मा लावून, उजेडाकडे धरून बघतो आणि मगच पिन घट्ट करतो. एलएनबीजवळ वायरीला खाली लोंबणारा एक झोल ठेवा म्हणजे पावसाचं पाणी पिनमध्ये न शिरता तिथून ठिबकतं. जोडावर इन्सुलेशनची काळी टेप नको, उन्हाने तिचा डिंक वितळून ती सुटते, ताणल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप मिळते ती लावा.

फ्री डिश असेल तर हे सगळं तसंच का?

छत्री, एलएनबी, वायर सगळं तसंच, फक्त महिन्याचे पैसे नाहीत, त्यामुळे दुसऱ्या टीव्हीचा खर्च म्हणजे एक बॉक्स, एक वायर आणि एलएनबीला एकच तोंड असेल तर ट्विन एलएनबी, बस. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, प्रसार भारती चालवते आणि सह्याद्री त्यावर आहेच. खासगी चॅनेल्सना जागा ई-लिलावाने मिळते, म्हणून चॅनेल्स येतात-जातात. कालपर्यंत दिसणारं चॅनेल आज गेलं तर छत्रीला हात लावू नका, आधी पुन्हा स्कॅन करा.

आणखी एक, हल्लीच्या बऱ्याच टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मागे एफ पिनचं (छत्रीच्या वायरीची पेचाची पिन) तोंड आहे का बघा, त्यावर सॅटेलाइट किंवा डीव्हीबी-एस२ (उपग्रहाच्या टीव्ही सिग्नलचं मानक) असं लिहिलेलं असतं. असेल तर फ्री डिशला बॉक्सच लागत नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीला लावायची, सेटिंगमध्ये एलएनबीला ९७५० आणि १०६०० घालून ब्लाइंड स्कॅन द्यायचा, म्हणजे टीव्ही सगळ्या फ्रिक्वेन्सी स्वतःच शोधतो. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानकही आहे, आयएस १८११२. आमच्या मावशीने दीड वर्ष बॉक्स वापरला आणि टीव्हीत ट्यूनर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, दोन रिमोट सांभाळत बसायची बिचारी.

छत्रीची वायर कॉम्प्युटरला लावता येते का?

येते, आणि माझा हा सगळ्यात आवडता भाग आहे. कॉम्प्युटरला डीव्हीबी-एस२ ट्यूनर लागतो, डेस्कटॉपला आत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड किंवा लॅपटॉपला यूएसबीचा डबा. क्वाड एलएनबीचं एक तोंड यासाठी राखून ठेवायचं. विंडोजवर प्रोगडीव्हीबी किंवा डीव्हीबीव्ह्यूअर, लिनक्सवर टीव्हीहेडएंड. घेण्याआधी त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टीमवर चालतो का ते मात्र नक्की बघा.

पण हे फ्री-टू-एअर, म्हणजे कुलूप नसलेल्या फुकट चॅनेल्ससाठीच, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः फ्री डिश. पेड डीटीएचची चॅनेल्स कुलूपबंद येतात, किल्ली त्यांच्या बॉक्समध्ये आणि त्या बॉक्सशी जोडलेल्या कार्डात असते, ते कार्ड काढून कॉम्प्युटरला लावून काही होत नाही. कुलूप तोडून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, ते बेकायदेशीर आहे आणि वरून कॉम्प्युटरमध्ये काय काय शिरेल सांगता येत नाही. पेड बॉक्सची एचडीएमआय कॅप्चर कार्डात घालून बघायचा विचार असेल तर तिथेही एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि पडदा काळा येतो.

कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवता येतं?

हो, आणि बॉक्सच्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं. पेड बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून केलेलं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, बॉक्स बदलला की सगळं गेलं. आमचा बॉक्स जळला तेव्हा गावच्या जत्रेवर आलेला एक कार्यक्रम त्यात होता, वडील त्यात काही सेकंद दिसत होते, तो परत मिळालाच नाही. तेव्हापासून मी फ्री डिशवरचं जपून ठेवायचं ते कॉम्प्युटरवरच रेकॉर्ड करतो, साधी फाइल तयार होते, कुठेही चालते. साध्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग एक जीबीच्या आसपास जातं.

यात एक फार उपयोगाची गोष्ट आहे. उपग्रहावरून चॅनेल्स एकेकटी येत नाहीत, एका फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा-वीस चॅनेल्सचा गठ्ठा येतो. सेटटॉप बॉक्स त्यातलं एक दाखवतो आणि बाकी टाकून देतो. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर मात्र तो आख्खा गठ्ठा वापरू शकतं, म्हणजे एका ट्यूनरवर त्याच गठ्ठ्यातलं एक चॅनेल बघताना दुसरं रेकॉर्ड होतं आणि तिसरं वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर चालतं.

वरच्या खोलीत लॅपटॉपवर ते जातं कसं?

घरातल्या नेटवर्कवरून. माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपवर टीव्हीहेडएंड चालतं, छत्रीची वायर त्यालाच लागलेली, बाकी लॅपटॉप, फोन, स्मार्ट टीव्ही यांच्यावर कोडी किंवा व्हीएलसी टाकून त्यातून चॅनेल्स बघतो. यात इंटरनेटचा एक थेंबही खर्च होत नाही, राउटर फक्त घरातल्या घरात वाट देतो. हेच काम तयार डब्यातही मिळतं, त्याला सॅट-आयपी म्हणतात, उपग्रह चालवणाऱ्या एसईएस कंपनीने २०१२ मध्ये भागीदारांबरोबर हे तंत्र आणलं आणि युरोपात ते चांगलं रुळलंय. तो डेस्कटॉप किंवा डबा ते राउटर मात्र लॅनची वायरच टाका, वायफायवर चित्र अडकतं.

कंपनीच्या अॅपवर लॅपटॉपवर दिसतं, ते छत्रीतूनच येतं ना?

नाही, ते पूर्ण इंटरनेटवरून येतं, छत्रीचा संबंध फक्त तुमचं कनेक्शन चालू आहे का एवढाच. डेटा जातो. दूरदर्शनची चॅनेल्स कॉम्प्युटरवर बघायची असतील आणि ट्यूनर घ्यायचा नसेल तर प्रसार भारतीचं वेव्हज हे अॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्‌घाटनात ते सुरू झालं.

याच छत्रीतून इंटरनेट घेता येईल?

नाही. ही छत्री फक्त ऐकते, बोलत नाही.

शेजाऱ्यांकडे विकेट पडल्याचा ओरडा आधी येतो, आपल्याकडे मागून दिसते, का?

सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, पण तेवढ्याने हा फरक पडत नाही. खरा वेळ जातो तो चित्र दाबून पाठवण्यात आणि खाली उलगडण्यात, आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मोबाइल अॅपवर तर बऱ्याचदा आणखी उशीर होतो, कारण तिथे तुकडे साठवून मग दाखवतात. घरात एका टीव्हीवर फ्री डिश आणि दुसऱ्यावर पेड असेल तर दोन्हीकडे एकच सामना लावला की आवाज घुमतो, तो बिघाड नाही.

पावसात जातं ते समजतं, पण कडक उन्हात का गेलं?

पावसाचं सोपं आहे, केयू बँडच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात आणि जोराच्या सरीतले थेंब त्यांना गिळतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री घ्या, सव्वादोन पट सिग्नल गोळा होतो. दुसरी छत्री घेण्यापेक्षा पहिली मोठी घ्या, तीन टीव्हींना फायदा.

उन्हातलं वेगळं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास पाच-दहा मिनिटं सगळे टीव्ही जातात आणि आपोआप येतात. त्या वेळी छत्रीवरून उलटलेलं ऊन बरोबर एलएनबीवर पडलेलं दिसतं, जाऊन बघा.

वायर हातात धरली की झिणझिण्या येतात, धोका आहे का?

दुर्लक्ष करू नका. दोन पिनांच्या बॉक्समधून थोडी वीज वायरीच्या जाळीवर गळत असते. अनेक घरांत अर्थिंग नावालाच असतं, त्यामुळे तीन-चार बॉक्स, टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच छत्रीला जोडले की सगळी गळती एकत्र येते. सॅटेलाइटची वायर किंवा एचडीएमआय काढताना-लावताना सगळ्यांचे प्लग काढा, नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही. एका झटक्यात ट्यूनर कार्ड किंवा एचडीएमआयचं तोंड जातं. कॉम्प्युटरच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. वळवाचा कडकडाट सुरू झाला की विजेचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा.

फ्लॅट पश्चिमेकडे तोंड करून आहे, बाल्कनीत छत्री लागत नाही, काय करू?

सोसायटीच्या गच्चीवरूनच वायर आणावी लागेल. खरं तर सोसायटीने मिळून एक मोठी छत्री, क्वाट्रो आणि मल्टिस्विच लावून डक्टमधून प्रत्येक घरात एक-दोन वायरी सोडाव्यात, गच्चीवर चाळीस छत्र्यांचं जंगल आणि त्यांच्या बोल्टांच्या भोकांतून होणारी गळती दोन्ही वाचतं. एकाच कंपनीचे ग्राहक असतील तर हे सहज जमतं, दोन कंपन्या असतील तर दोन छत्र्या.

आधी सगळं छान चालायचं, आता चित्राचे चौकोन होतात. कुठून शोधू?

एकाच टीव्हीवर होतंय का सगळ्यांवर, हे पहिलं बघा. एकावरच असेल तर दोन बॉक्सच्या वायरींची अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर गेला तर वायर, पिन किंवा एलएनबीचं ते तोंड, बॉक्सबरोबर राहिला तर बॉक्स. सगळ्यांवर असेल तर छत्रीकडे जा. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन आकडे असतात, स्ट्रेंथवर विश्वास ठेवू नका, छत्री उलटी फिरवली तरी ती बरीच दिसू शकते, क्वालिटी बघत छत्री केसभर हलवा, थांबा, परत बघा.

आणि हलवण्याआधी समोर बघा. आमच्याकडे गेल्या श्रावणात तिन्ही टीव्ही एकदम रुसले, मेकॅनिकने येऊन एलएनबी बदलला, पैसे घेतले, दोन दिवसांनी परत तेच. मी गच्चीवर जाऊन छत्रीच्या मागे उकिडवा बसलो आणि आग्नेयेकडे वर बघितलं तर शेजारच्या काकूंचा शेवगा. मेमध्ये काड्या होत्या, पावसात पालवी फुटून ओली पानं बरोबर वाटेत आली होती. काकूंना विचारलं, त्यांनी स्वतःच आकडी आणून दिली, दोन फांद्या उतरवल्या, क्वालिटी ३० वरून ७५ वर गेली. शेवग्याचा पाला त्यांनी भाजीला नेला.